नो नाट्य

नो नाट्य : जपानमधील अभिजात मुखवटा-नाट्याचा एक प्रकार. गद्यपद्य संवाद, गायन, वाद्यवादन आणि नृत्य यांचा त्यात एकजीव मेळ असतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला साहित्यिक रूप प्राप्त झाले आणि तेव्हापासून त्याची प्रयोगपरंपरा अखंड चालत आलेली आहे. ‘नो’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कौशल्य’ वा ‘सामर्थ्य’ असा आहे. नो आणि त्याच्या जोडीने सादर होणारे ‘क्योगेन’ हे विनोदी नाट्य या दोहोंना मिळून ‘नोगाकू’ असे म्हणतात. तथापि ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तत्पूर्वी ही कला ‘सारुगाकू’ याच नावाने ओळखली जात असे.

सहाशे वर्षे न बदललेली कला, असे नोचे वर्णन वारंवार केले जाते. अखंडतेच्या बाबतीत ते खरे आहे. रूपाच्या बाबतीत मात्र ते स्वीकारण्याजोगे नाही. आज नोचे जे लक्षण म्हणून सांगितले जाते, म्हणजे त्याची अतिविलंबित गती, गंभीर समारंभी वातावरण आणि प्रत्येक हालचालीचा ठरून गेलेला साचा, त्याचा मोठा भाग सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील राजाश्रयाने घडविलेला आहे. या कलेचा श्रेष्ठ नाटककार व मीमांसक झेआमी मोतोकियो (सु. १३६३–१४४३) याला अभिप्रेत असलेली रंगभूमी यापेक्षा पुष्कळच चपळ व बदलती होती. ही दोन रूपे वेगळी ओळखल्याखेरीज नोच्या गुणदोषांचे मूल्यमापन करता येत नाही.

सारुगाकूचे मूळ आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून जपानमध्ये आलेल्या ‘सांगाकू’ नामक खेळांत सापडते. कसरती, जादू, नकला व विनोदी प्रवेश असे त्यांचे स्वरूप होते. पुढे त्यांतील नाट्यांश वाढत गेला आणि देवस्थाने व बौद्ध मठ यांच्या आश्रयाने फिरत्या नटमंडळ्या उभ्या राहिल्या. यामातो प्रांतात, म्हणजे आजच्या नारा परिसरात, कोफुकुजी मठ व कासुगा देवस्थान यांच्या सेवेत अशा चार मंडळ्या होत्या. आजचे कान्झे, होशो, कोनपारू आणि कोंगो हे चार संप्रदाय त्यांच्यापासूनच निघाले. त्यांपैकी कान्झे संप्रदायाचा मूळपुरुष कान-आमी कियोत्सुगू (१३३३–८४) हा झेआमीचा पिता होय.

कान-आमीचे कर्तृत्व संकराचे आहे. यामातोच्या मंडळ्यांचे बळ अनुकरणप्रधान अभिनयात होते. ओमी प्रांतातील प्रतिस्पर्धी मंडळ्या लालित्यावर भर देत. ‘देंगाकू’ हा कृषिविधींतून वर आलेला नाट्यप्रकार त्या काळी सर्वांत लोकप्रिय होता. कान-आमीने या सर्वांकडून घेण्याजोगे ते घेतले. एवढेच नव्हे, तर ‘कुसेमाई’ या ठेकेदार कथागायनाची लय त्याने सारुगाकूच्या संथ गायनात आणली. कथनाला गती देणारे हे गायन पुढे नो संहितेचा कणा ठरले. ज्या कलेला आज सोवळ्यातील कला मानण्याची प्रथा आहे, तिचा जन्म असा बाजारपेठेतील स्पर्धेतून आणि उसनवारीतून झालेला आहे.

१३७४ च्या सुमारास क्योतो येथील इमाकुमानो देवस्थानात कान-आमीचा खेळ तरुण शोगुन आशिकागा योशिमित्सू (१३५८–१४०८) याने पाहिला व बापलेकांना आश्रय दिला. १३७८ मध्ये गिओन उत्सवाच्या वेळी या शोगुनाने बालनट झेआमीला आपल्याशेजारी बसविले, तेव्हा सांजो किंतादा या दरबारी सरदाराने सारुगाकू हा भिकाऱ्यांचा धंदा असल्याची नोंद आपल्या रोजनिशीत रागाने केली. या नोंदीवरून नटांचा तत्कालीन सामाजिक दर्जा जसा कळतो, तसेच झेआमीपुढील प्रश्नही कळतो. गावोगावच्या जत्रांतील प्रेक्षक आणि राजधानीतील काव्यज्ञ उमराव या दोघांनाही बांधून ठेवील अशी कला त्याला घडवायची होती. त्याचे सगळे नाट्यचिंतन या निकडीतून निघाले आहे.

झेआमीने वीसपेक्षा अधिक प्रबंध लिहिले. पित्याच्या शिकवणुकीवर आधारलेला फूशिकादेन हा त्यांतील पहिला व सर्वांत प्रसिद्ध. त्याचे लेखन १४०० च्या सुमारास सुरू झाले. काक्यो (१४२४) हा प्रौढ वयातील ग्रंथ अधिक सूक्ष्म आहे. हे ग्रंथ वारसांपुरते गुप्त ठेवलेले होते. योशिदा तोगो या इतिहासकाराने १९०९ मध्ये त्यांतील सोळा प्रबंध प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे सामान्य वाचकाला त्यांचा परिचय झाला. याचा अर्थ असा, की मधल्या चारपाचशे वर्षांतील बहुसंख्य नटांनी झेआमीची नाटके केली, पण त्याची मीमांसा वाचलेली नव्हती. परंपरेच्या अखंडतेविषयी बोलताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

या मीमांसेतील मध्यवर्ती संकल्पना ‘हाना’ म्हणजे फूल ही होय. प्रेक्षकाच्या मनावर नटाचा जो प्रभाव पडतो त्याला झेआमी फूल म्हणतो. फुलाचे मोल ते नेहमी नसते यात आहे. ते ऋतूनुसार उमलते, गळते आणि म्हणून प्रत्येक वेळी नवे वाटते. त्याच्या मते फूल, रंजकता आणि नावीन्य या तीन वेगळ्या गोष्टी नव्हेत. बालनटाचे सौंदर्य हे वयाचे फूल असून ते वयाबरोबर जाते. साधनेने मिळविलेले फूल मात्र शेवटपर्यंत टिकते. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस सुरुगा प्रांतातील सेंगेन देवस्थानात कान-आमीने केलेल्या प्रयोगाचे उदाहरण तो देतो. बावन्न वर्षांच्या कान-आमीने बहुतेक भाग तरुणांवर सोपवून स्वतः अगदी थोडे, तेही सावकाश, केले. परंतु प्रेक्षकांची नजर त्याच्यावरून हटली नाही. झेआमीचे नियम नेहमी प्रसंगाशी बांधलेले असतात. उमराव उशिरा आले तर प्रयोगाचा आरंभ कसा करावा, दिवसाच्या व रात्रीच्या खेळात जोम कमीजास्त का ठेवावा, प्रेक्षागृह गोंगाटात असताना नटाने पहिला स्वर केव्हा लावावा, यांची चर्चा त्याने तत्त्वचर्चेइतक्याच आस्थेने केली आहे. ‘यूगेन’ या त्याच्या दुसऱ्या संकल्पनेवर, म्हणजे गूढ व सखोल लालित्यावर, आधुनिक भाष्यकारांनी फार भर दिला. त्यामुळे झेआमी हा एखादा विरागी सौंदर्यवादी असल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात तो प्रेक्षकांवर उपजीविका असलेल्या मंडळीचा चालक होता.

नाटककार म्हणून त्याची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे आज ज्याला ‘मुगेन नो’ (स्वप्न-नाट्य) म्हणतात त्या रचनेची सिद्धी. संज्ञा विसाव्या शतकातील असली, तरी रचना त्याची आहे. एखादा प्रवासी भिक्षू एका प्रसिद्ध स्थळी येतो. तेथे त्याला गावातील साधी व्यक्ती भेटते व त्या स्थळाची कथा सांगता सांगता नाहीशी होते. उत्तरार्धात तीच व्यक्ती आपल्या मूळ रूपात, बहुधा प्रेतात्म्याच्या रूपात, येऊन गतायुष्यातील उत्कट क्षण पुन्हा जगते. भिक्षू हा ‘वाकी’ (बाजूचा) आणि ती व्यक्ती हा ‘शिते’ (कर्ता). यात संघर्ष असा नाहीच. वाकी प्रश्न विचारतो आणि ऐकतो. त्याच्या ऐकण्यामुळेच गतकाळ रंगमंचावर येतो. आत्सुमोरी या नाटकात तर हा श्रोता म्हणजे इचि-नो-तानीच्या लढाईत (११८४) कोवळ्या आत्सुमोरीला ठार मारणारा आणि पश्चात्तापाने भिक्षू झालेला योद्धाच आहे. मारणारा व मेलेला असे समोरासमोर आले असता सूडाचा प्रसंग ओघानेच यावा. परंतु झेआमी मेलेल्याला मारणाऱ्याच्याच प्रार्थनेची अपेक्षा करावयास लावतो.

इझुत्सू हे या रचनेतील शिखर होय. लहानपणी विहिरीच्या काठड्याशी आपली उंची मोजणारी दोन मुले पुढे पतिपत्नी होतात. ही कथा ईसे मोनोगातारी या प्राचीन ग्रंथातून घेतलेली आहे. नाटकाच्या अखेरीस पत्नीचा आत्मा पतीचा अंगरखा व टोपी घालून येतो, नाचतो आणि विहिरीत वाकून पाहतो. पाण्यात तिला स्वतःच्या जागी पतीचा चेहरा दिसतो. रंगमंचावर विहीर म्हणून लाकडाची एक चौकट व तिच्या कोपऱ्यावर बांधलेले गवताचे तुरे एवढेच असतात. पुरुष नट, स्त्रीचा मुखवटा, त्यावर पुरुषाचा पोशाख आणि पाण्यात पाहण्याची एक संथ हालचाल : या चार थरांतून निर्माण होणारा अर्थ कोणत्याही संवादाने साधला नसता.

नोचा रंगमंच सुमारे सहा मीटर चौरस असून तो सायप्रस जातीच्या लाकडाचा, चार खांबांचा व छप्पर असलेला असतो. नाट्यगृहाच्या आतही हे छप्पर कायम ठेवले जाते, कारण मूळ रंगमंच उघड्यावर असत. डावीकडे ‘हाशिगाकारी’ हा लांब पूल असतो. पडदा वर उचलला जातो आणि पात्र या पुलावरून येते. मागच्या फळ्यांवर पाइन वृक्षाचे चित्र असते व ते कोणत्याही नाटकासाठी बदलत नाही. उपलब्ध रंगमंचांपैकी सर्वांत जुना, १५८१ चा मानला जाणारा, क्योतोच्या निशी होंगान्जी मठात आहे. खांबांचा उपयोग केवळ छपरापुरता नाही. मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून नटाला फारच थोडे दिसते. समोरच्या कोपऱ्यातील खांब पाहूनच तो आपली जागा ठरवितो. मुखवटा चेहऱ्यापेक्षा लहान असल्याने नटाची हनुवटी खालून दिसत राहते. भ्रम निर्माण करण्याचा हेतू असता तर ही त्रुटी कोणीही सहज दूर केली असती. मुखवटा किंचित वर केला की तो ‘उजळतो’, खाली झुकविला की ‘झाकोळतो’, असे नट म्हणतात. तरुण स्त्रीच्या ‘को-ओमोते’ या भावहीन वाटणाऱ्या मुखवट्यावर याचा परिणाम विलक्षण होतो. डोळ्यांसमोर हात आणला की रडणे, अशा मोजक्या संकेतांनी काम भागते. भारतीय नृत्यातील हस्तमुद्रांप्रमाणे शब्दाशब्दाचा अर्थ हातांनी सांगण्याची रीत येथे नाही.

वाद्ये चार : बासरी, खांद्यावरचा लहान डमरूसदृश मृदंग, मांडीवरचा मोठा मृदंग आणि काही नाटकांपुरता काठ्यांनी वाजवावयाचा ढोल. मोठ्या मृदंगाचे चामडे प्रयोगापूर्वी निखाऱ्यांवर कडक तापवितात, तर लहान मृदंगाचे चामडे श्वासाने व ओल्या कागदाने दमट ठेवतात. त्यामुळे एकाचा नाद टणक व दुसऱ्याचा मऊ, लवचिक येतो. ‘नोकान’ या बासरीच्या पोटात एक अरुंद नळी मुद्दाम बसविलेली असते. तिच्यामुळे वरचे सप्तक खालच्याशी जुळत नाही आणि स्वर अस्थिर, काहीसा अमानुषी वाटतो. बारा अक्षरांची ओळ आठ मात्रांत बसविणे हा गायनाचा मूलभूत हिशेब. मृदंगवादकांच्या आरोळ्या या हिशेबाचाच भाग असून मात्रांमधील अंतर त्यांच्यामुळे ताणले वा आखडले जाते. समूहगायक सहसा आठ असतात. या सर्वांचा कोणी संचालक नसतो. विशेष म्हणजे नट, वाकी, वादक हे निरनिराळ्या संप्रदायांत स्वतंत्रपणे शिकलेले असतात व प्रयोगापूर्वी बहुधा एकदाच एकत्र तालीम करतात. प्रत्येकाला आपला भाग पूर्ण पाठ, पण आजची लय कोणालाच आधी ठाऊक नाही, अशा स्थितीत खेळ सुरू होतो. साचेबंद ठरलेल्या या कलेत प्रत्येक प्रयोगाची अनिश्चितता अशी मुळातच ठेवलेली आहे. परगावच्या समीक्षकांच्या ती क्वचितच ध्यानात येते.

झेआमीचे उत्तरायुष्य दुःखात गेले. शोगुन आशिकागा योशिनोरी याने त्याचा पुतण्या ओन-आमी (१३९८–१४६७) याच्यावर मर्जी केली. गुणी पुत्र मोतोमासा १४३२ मध्ये वारला. १४३४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या झेआमीला सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. हद्दपारीचे कारण नोंदलेले नाही. त्याच्यानंतर जावई कोनपारू झेनचिकू (जन्म १४०५) याने गूढ व अंतर्मुख नाटके लिहिली; पण त्या पुढच्या पिढ्यांचा कल उलट दिशेला होता. कान्झे नोबुमित्सू (मृत्यू १५१६) व कोनपारू झेनपो यांनी अनेक पात्रांची, घटनाप्रधान, नेत्रदीपक नाटके रचली. झेनपोच्या इक्काकू सेन्निन या नाटकाचा विषय भारतीय वाचकाला चटकन ओळखू येईल. रामायण-महाभारतातील ऋष्यशृंगाची कथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचली. नाटकात वाराणसीच्या राज्यातील एकशृंगी मुनीने पर्जन्याचे नाग गुहेत कोंडलेले आहेत. राजाने पाठविलेली सुंदरी त्याला मद्य पाजते, नृत्यात ओढते आणि त्याचे तपोबल जाताच खडक फोडून नाग बाहेर पडतात. येथे लांबलेल्या स्मृतींना वाव नाही. बालनटांनी केलेले नाग, फुटणारा खडक आणि झुंज यांचा हा खेळ आहे. काबुकी रंगभूमीवरील नारुकामी हे नाटक याच कथेवरून झाले. ‘नो म्हणजे निश्चलता’ हे समीकरण सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रेक्षकाला विचित्र वाटले असते.

पुढे सत्ताधीशांचा हात या कलेवर अधिकाधिक पडत गेला. तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–९८) हा स्वतः नो शिकला, आपल्या पराक्रमावर त्याने नाटके लिहवून घेतली आणि १५९३ मध्ये क्योतोच्या राजप्रासादात स्वतः भूमिका केल्या. सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी नोला राज्यसमारंभाचे अधिकृत नाट्य म्हणून मान्यता दिली. कान्झेसह चार जुने संप्रदाय व नव्याने मान्यता पावलेला किता संप्रदाय यांच्या नटांना तांदळाच्या रूपात वेतन मिळू लागले. सामान्य जनतेला नो पाहण्याचे प्रसंग थोडेच उरले. प्रेक्षकांना जिंकण्याची गरज संपली आणि चूक न करण्याची गरज निर्माण झाली. घराण्याचा प्रमुख, त्याची अधिकृत संहिता, हालचालींच्या नोंदी आणि दिवसाचा पाच वर्गांचा (देव, योद्धा, स्त्री, संकीर्ण, राक्षस) ठरीव कार्यक्रम ही सारी या काळाची देणगी होय. जोरकस, सपाट स्वरांची ‘त्सुयोगिन’ ही गायनरीतीही याच काळात आजच्या रूपास आली.

गतीतील बदल सर्वांत बोलका आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील नोंदींत एका दिवसात दहा-दहा, कधी त्याहूनही अधिक नाटके झाल्याचे उल्लेख आढळतात. आज एका नाटकाला एक ते दोन तास लागतात. संहिता फारशा लहान नव्हत्या. तेव्हा त्या काळचा प्रयोग आजच्या निम्म्या वेळात वा त्याहून कमी वेळात होत असला पाहिजे, असे जपानी संशोधकांचे अनुमान आहे. रंगसूत्रेही बदलली. आओई नो उए या नाटकात मत्सराने पछाडलेली रोकुजो ही उमरावस्त्री रथातून, सेविकेसह येते, असा पूर्वीचा प्रयोग होता. झेआमीच्या बोलांची सारुगाकू दांगी (१४३०) ही जी टिपणे उपलब्ध आहेत त्यांत ओमीचा नट इनुओ याच्या या प्रवेशाचे वर्णन आहे. आज रथही नाही व सेविकाही नाही. संवादात मात्र त्यांचे उल्लेख तसेच राहिले आहेत. उनरिन-इन या नाटकाची झेआमीच्या हस्ताक्षरातील १४२६ ची प्रत उपलब्ध असून तिचा उत्तरार्ध आज होणाऱ्या नाटकापेक्षा अगदी निराळा आहे.

याच सारुगाकू दांगीतील एक नोंद नोच्या समीक्षकाने नेहमी जवळ ठेवावी अशी आहे. मोतोमासाच्या सुमिदागावा नाटकात अपहृत मुलाच्या शोधात वेडी झालेली आई नदीपार येते आणि तिला मुलाची समाधीच सापडते. रात्री प्रार्थना चालू असता मुलाचा आवाज ऐकू येतो व त्याचे रूप दिसते. मुलाचे पात्र प्रत्यक्ष रंगमंचावर न आणता हा प्रसंग अधिक परिणामकारक होईल, असे झेआमीचे मत होते. आपल्याला तसे करणे जमणार नाही, असे मोतोमासाने उत्तर दिले. त्यावर झेआमीने, अशा बाबतीत करून पाहावे व चांगले ठरेल ते ठेवावे, असे म्हटले. कलेच्या श्रेष्ठ आचार्याने आपला निर्णय मुलावर लादला नाही. तो प्रयोगावर सोपविला. पुढील तीन शतकांत या वाक्यातील ‘करून पाहावे’ हा भाग जवळजवळ लोपला.

अर्थात तोकुगावा काळाने नोचे केवळ नुकसान केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंदावलेल्या गतीने मुखवटा, पदन्यास आणि वेशभूषा यांना जे वजन दिले ते पूर्वी नसावे. इझुत्सूमधील विहिरीत पाहण्याचा क्षण आज जितका खोल जातो तितका जलद प्रयोगात जाईल किंवा नाही, याची शंका येते. स्मृती हाच ज्यांचा विषय, त्या स्वप्न-नाट्यांना ही संथता मानवली. ज्यांत जिवंत माणसांचा सामना आहे त्या नाटकांना मात्र ती जड गेली. नोबुमित्सूच्या नावावर असलेल्या आताका नाटकात पळून चाललेला योशित्सुने व त्याचे सोबती नाक्यावर अडविले जातात. निष्ठावंत बेंकेई कोऱ्या गुंडाळीतून नसलेला मजकूर वाचून दाखवितो. प्रसंग श्वास रोखून धरावयास लावणारा आहे. परंतु समारंभाचे ओझे त्याच्यावर पडलेले जाणवते. काबुकीने १८४० मध्ये याच प्रसंगावर कांजिंचो उभे केले आणि जनतेने ते उचलून धरले, यात नवल नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही हे कोठेतरी मान्य केलेच होते. कान्झे मोतोआकिरा (१७२२–७४) याने १७६५ मध्ये संहितांचे मोठे संशोधन प्रसिद्ध केले; ते त्याच्या मृत्यूनंतर टाकून देण्यात आले. शोगुन त्सुनायोशी (कार. १६८०–१७०९) याच्या नित्य काहीतरी अपरिचित पाहण्याच्या हौसेने मात्र कित्येक विस्मृत नाटके परत आली. विद्वानाच्या श्रमांपेक्षा लहरी सत्ताधीशाचा हट्ट येथे कलेला अधिक उपकारक ठरला!

१८६८ च्या राज्यक्रांतीने वेतने बंद झाली व बहुतेक नट देशोधडीला लागले. उमेवाका मिनोरू (१८२८–१९०९), होशो कुरो (१८३७–१९१७) व साकुरामा बान्मा (१८३५–१९१७) यांनी कला जगविली. युरोपातील राष्ट्रांना ऑपेरा आहे, तसे पाहुण्यांना दाखविण्याजोगे आपले काय, या प्रश्नातून इवाकुरा तोमोमी (१८२५–८३) या मुत्सद्द्याचे लक्ष नोकडे वळले. १८७६ मध्ये त्याच्या घरी सम्राटासमोर प्रयोग झाला व १८८१ मध्ये तोक्योतील शिबा येथे सार्वजनिक रंगमंच उभा राहिला. ‘सारुगाकू’ जाऊन ‘नोगाकू’ हे भारदस्त नाव आले ते याच वेळी. तेव्हापासून नटांचे उत्पन्न प्रयोगापेक्षा हौशी शिष्यांच्या शिकवणीवर अधिक अवलंबून राहिले आहे. प्रेक्षागृहातही पुष्कळ जण छापील संहिता मांडीवर घेऊन बसतात आणि मान वर न करता ओळीवरून बोट फिरवीत राहतात. गायनाच्या विद्यार्थ्यांना यातून लाभ होतो. नटाला आपले फूल कोणाला दाखवावे हा प्रश्न पडत असल्यास तो गैर म्हणता येणार नाही.

पाश्चात्यांनी नोतून आपापल्या गरजेपुरते घेतले. अर्नेस्ट फेनोलोसा (१८५३–१९०८) हा उमेवाका मिनोरूकडे शिकला. त्याच्या टिपणांवरून एझ्रा पाउंडने इंग्रजी रूपांतरे केली. डब्ल्यू. बी. येट्सचे ॲट द हॉक्स वेल हे नाटक १९१६ मध्ये लंडनमधील एका दिवाणखान्यात झाले, तेव्हा त्यातील जपानी नर्तक इतो मिचिओ याने नोचे शिक्षण घेतलेले नव्हते. आर्थर वेलीच्या भाषांतरावरून बेर्टोल्ट ब्रेख्तने १९३० मध्ये देर यासागेर लिहिले, तर बेंजामिन ब्रिटनने सुमिदागावा पाहून कर्ल्यू रिव्हर (१९६४) ही संगीतिका रचली. जपानमध्ये मिशिमा युकिओने जुन्या कथानकांवर आधुनिक नाटके लिहिली. ही सर्व उसनवारी संहितेची वा कल्पनेची आहे. नटाच्या अंगातील कलेचा प्रश्न धसास लावला तो कान्झे हिसाओ (१९२५–७८) याने. शोगुनकालीन समारंभाच्या पलीकडे जाऊन झेआमीचे ग्रंथ नटाच्या दृष्टीने वाचावेत, असा त्याचा आग्रह होता. १९६२ मध्ये तो फ्रान्सला गेला, झाँ-लुई बारो या दिग्दर्शकाबरोबर त्याने काम केले आणि ग्रीक शोकांतिकांतही भूमिका केल्या. संप्रदायातील अनेकांना हे रुचले नाही. तथापि त्याचा स्वतःचा इझुत्सू आदर्शवत मानला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आओई नो उए मधील रथ व सेविका पुन्हा रंगमंचावर आणण्याचेही प्रयत्न झाले.

जपान शासनाने १९५७ मध्ये नोगाकूला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला. तोक्योतील राष्ट्रीय नो नाट्यगृह १९८३ मध्ये सुरू झाले. युनेस्कोने २००१ मध्ये जाहीर केलेल्या अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत नोगाकू आणि केरळचे कूडियाट्टम हे दोन्ही नाट्यप्रकार होते. स्त्रियांना व्यावसायिक संघटनेत १९४८ मध्ये प्रवेश मिळाला, परंतु संपत्तिधारक कलावंतांच्या संस्थेत त्या २००४ मध्येच घेतल्या गेल्या. सु. २४० नाटके आज प्रचलित आहेत. नवी नाटकेही लिहिली जातात, पण त्यांतील फार थोडी दुसऱ्या प्रयोगापर्यंत पोहोचतात.

झेआमीला जेथे हद्दपार केले त्या सादो बेटावर आजही तीसपेक्षा अधिक नो रंगमंच आहेत. ही परंपरा मात्र त्याची नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील सोन्याच्या खाणींवर नेमलेला अधिकारी ओकुबो नागायासू हा सारुगाकू नटाच्या घराण्यातील होता. त्याने नट बरोबर आणले आणि कला देवळांतून शेतकऱ्यांपर्यंत गेली. उन्हाळ्यात शेकोट्यांच्या उजेडात गावकरीच तेथे मुखवटे चढवितात व समूहगायनाला बसतात. संहिता बहुतांशी पाठ असल्याने प्रेक्षकांतूनही त्यांना साथ मिळते.